विंटर मॉथ आणि ग्रेट टिट: एका ओकच्या पानावर चालणारी दोन घड्याळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या घरामागे ओकची सहा-सात जुनी झाडं आहेत. मुलीला शाळेच्या वर्षभराच्या प्रकल्पासाठी युरोपातला एक पतंग आणि एक गाणारा पक्षी घेऊन त्यांची तुलना करायची आहे. जोडी कोणती घ्यावी, नेमकं काय मोजावं आणि कसं?

जोडी विंटर मॉथ हा पतंग आणि ग्रेट टिट हा पक्षी हीच घ्या. लांबी, वजन, रंग, आयुष्य असे रकाने आखून दोन प्राणी शेजारी-शेजारी मांडले की तक्ता भरतो, पण त्यातून काही कळत नाही. या जोडीचं तसं होत नाही. ओकांच्या रानात विंटर मॉथच्या अळीची मदार कोवळ्या पानावर असते आणि ग्रेट टिटच्या पिल्लांची मोठी मदार अशा अळ्यांवर. दोघांची घड्याळं एकाच झाडावर लागलेली असतात. ती कशी चालतात आणि कुठे चुकतात, हीच खरी तुलना.

मुलीचा ओढा स्थलांतराकडे असेल तर दुसरी एक चांगली जोडी आहे: सिल्व्हर वाय नावाचा पतंग आणि रात्री उडणारे छोटे गाणारे पक्षी. इंग्लंड आणि स्वीडनमधल्या रडारच्या नोंदींवरून २०११ साली दिसून आलं, की पक्ष्याचा स्वतःचा उडण्याचा वेग पतंगाच्या तिप्पट असूनही दोघं ताशी ३० ते ६५ किलोमीटर असं जवळपास सारखंच अंतर कापतात. पतंग वारा पाठीशी असेल तेव्हाच निघतो, पक्षी तेवढा चोखंदळ नसतो. विषय सुरेख आहे, पण घरामागे रडार नसतं. ओक आहे.

नावांपासून सुरुवात करू. डचमध्ये या पतंगाला 'क्लाइने विंटरफ्लिंडर', म्हणजे छोटा हिवाळी पतंग म्हणतात आणि पक्ष्याला 'कोलमेस'. यातला 'कोल' म्हणजे कोळसा, डोक्यावरच्या काळ्या टोपीमुळे. 'मेस'चा आपल्या खानावळीशी संबंध नाही, पण मे महिन्यात घरट्याच्या पेटीसमोर तासभर बसलात तर तसं वाटेल. आपल्याकडे सह्याद्रीत दिसणारी राखी वल्गुली ही ग्रेट टिटची चुलत बहीण. पूर्वी दोघी एकाच जातीत गणल्या जायच्या, आता वेगळ्या मानतात. टोपी आणि पांढरे गाल तेच, पण आपल्याकडचीचं पोट राखी-पांढरं, युरोपातलीचं पिवळंजर्द आणि त्यावर मधोमध काळा पट्टा. नराचा पट्टा रुंद असतो आणि पायांपर्यंत पोचतो, मादीचा अरुंद असतो. विंटर मॉथ मात्र आपल्याकडे नाही. गावाकडे सोयाबीनवर उंटअळी पाहिली असेल, तर तिच्यासारखीच पाठीची कमान करत चालणारी अळी डोळ्यांसमोर आणा.

पतंगाचं वर्ष

विंटर मॉथचं वर्ष उलटं आहे. बाकीचे कीटक थंडीत दडून बसतात तेव्हा हा बाहेर पडतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. नर फिकट तपकिरी-करडा, पंख पसरल्यावर जेमतेम अडीच सेंटिमीटर, आणि पारा शून्याच्या जवळ असतानाही उडू शकतो. मादी पहिल्यांदा पाहणाऱ्याला पतंग वाटतच नाही. फुगलेल्या गव्हाच्या दाण्याएवढं करडं पोट, सहा लांब पाय आणि पंखांच्या जागी चार खुंट. ती मातीतून निघते आणि सरळ जवळच्या खोडावर चढते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन खोड बघितलं तर चढणाऱ्या माद्या दिसतात. नर त्यांना वासावर शोधून काढतो.

मादी सालीच्या भेगांत, दगडफुलात, कळ्यांच्या बुडाशी साधारण १०० ते २०० अंडी घालते आणि मरते. अंडं मिलिमीटरहूनही लहान, आधी फिकट हिरवं. फलित झालेलं अंडं काही आठवड्यांत नारिंगी होतं, तर हिरवंच राहिलेलं बहुधा वांझ असतं. फुटायच्या आधी काही दिवस ते गडद निळं-काळं पडतं. हा रंगबदल साध्या भिंगातून दिसतो आणि शाळकरी मुलीसाठी सगळ्या प्रकल्पातली सर्वात मजेची नोंद हीच ठरेल.

अंडं फुटण्याची वेळ मुख्यतः तापमान ठरवतं. वसंत उबदार तर लवकर, थंड तर उशिरा. आता जुगार इथे आहे. अळी बाहेर आली आणि कळ्या अजून मिटलेल्या असल्या, तर दोन मिलिमीटरच्या त्या जिवाकडे काही दिवसांचीच शिदोरी असते. ती रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर दुसऱ्या झाडाकडे जायचा प्रयत्न करते, त्यात बहुतेक मरतात. उशीर झाला, तर पान तोवर जून होतं आणि त्यात टॅनिन साचतं. कच्च्या सुपारीचा तुरटपणा आठवा. जून पानावर वाढलेली अळी लहान राहते, तिचा कोष लहान होतो आणि त्यातून निघणाऱ्या मादीच्या पोटात अंडी कमी असतात. म्हणजे लवकर येण्याची शिक्षा मरण, आणि उशिरा येण्याची शिक्षा पुढच्या पिढीला.

वेळ साधली तर अळी पाच-सहा आठवड्यांत दोन-अडीच सेंटिमीटरची होते आणि मे अखेरीस किंवा जूनमध्ये धाग्यावरून खाली उतरून मातीत काही सेंटिमीटर खोल कोषात जाते. जून ते नोव्हेंबर मातीत. तिथे भुंगेरे आणि चिचुंद्री तिचा समाचार घेतात. ऑक्सफर्डजवळच्या वायदम वुड्समध्ये जॉर्ज वार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० पासून जवळपास दोन दशकं या पतंगाच्या प्रत्येक अवस्थेतले मृत्यू मोजले. त्यांच्या हिशेबात दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. एखाद्या वर्षी पतंग वाढणार की घटणार हे प्रामुख्याने हिवाळ्यापासून वसंतापर्यंतच्या गळतीवर ठरतं, आणि त्या गळतीत अळी व पालवी यांची चुकामूक मोठी असते. संख्येला लगाम मात्र मातीतले शिकारी घालतात, कारण कोष जितके जास्त तितका मोठा हिस्सा ते खातात.

पक्ष्याचं वर्ष

ग्रेट टिट १४ सेंटिमीटर लांब, वजन १६ ते २१ ग्रॅम. वर्षभर तिथेच राहते. मादी एप्रिलमध्ये रोज एक याप्रमाणे सहसा ७ ते ९ अंडी घालते. एक अंडं साधारण १.७ ग्रॅमचं. ९ अंडी म्हणजे १५ ग्रॅम, म्हणजे नऊ दिवसांत ती जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढी अंडी घालते, आणि तेही अळ्या अजून बारीक असताना. 'थोडं आधी घातली असती तर काय बिघडलं असतं' असं म्हणणं सोपं आहे. लवकर घालायची किंमत तिच्या अंगावर पडते.

उबवण फक्त मादी करते, साधारण १३ दिवस. नर तिला मधूनमधून खायला आणून देतो. पिल्लू दीड ग्रॅमचं निघतं आणि पंधराव्या दिवशी १७-१८ ग्रॅमचं होतं. पहिल्या दिवसांत आई-बाप कोळी बरेच आणतात, नंतर अळ्यांचा सपाटा सुरू होतो. भूक सर्वात जास्त नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास. उडून जातात १८ ते २० दिवसांनी.

आता बोटांवर मोजा. पहिलं अंडं १४ एप्रिलला, एकूण ९ अंडी, म्हणजे शेवटचं २२ एप्रिलला. १३ दिवसांनी, ५ मेला पिल्लं. दहाव्या दिवशी, १५ मेला भूक शिगेला. पहिलं अंडं घालताना मादीने ३१ दिवसांनंतरच्या बाजारभावावर बोली लावलेली असते. पतंगाच्या अंड्याला तापमान थेट आतून ढकलतं. पक्ष्याला दिवसाची लांबी, एप्रिलच्या सुरुवातीची ऊब यांवरून मे महिन्याचा अंदाज बांधावा लागतो. दोघांत मुळातला फरक हा आहे. बाकीचे फरक याच्यामागून येतात.

अंदाज चुकला तर थोडी दुरुस्ती तिच्या हातात असते. थंडी पडली तर मधे एक-दोन दिवस अंडी घालणं थांबवते, घाई असेल तर शेवटचं अंडं घालण्याआधीच उबवायला बसते. या युक्त्या काही दिवस वाचवतात, दोन आठवडे नाही.

घड्याळं कुठे चुकली

नेदरलँड्समधल्या होखं वेलुवं जंगलात १९५५ पासून घरट्याच्या पेट्यांतल्या ग्रेट टिटची नोंद चालू आहे. वायदममध्ये पक्षीतज्ज्ञ डेव्हिड लॅक यांनी हेच काम १९४७ साली सुरू केलं. त्यामुळे दोन देशांची दोन लांबलचक बाडं आहेत, आणि ती एकच गोष्ट सांगत नाहीत.

होखं वेलुवंमध्ये १९७३ ते १९९५ या काळात अळ्यांचा बहर लवकर येऊ लागला, पक्ष्यांची अंडी मात्र जवळपास जुन्याच तारखांना राहिली. कारण अंडी घालण्याआधीचे आठवडे फारसे तापले नव्हते, अळ्या वाढण्याचे आठवडे तापले होते. पक्ष्याने जे वाचलं ते बरोबर वाचलं, पण वाचायचं पानच बदललं होतं. वायदममध्ये मात्र ४७ वर्षांत अंडी घालण्याची सरासरी तारीख सुमारे १४ दिवस अलीकडे, म्हणजे लवकर आली आणि ती अळ्यांच्या बरोबरीने आली. तीही मुख्यतः प्रत्येक मादी त्या-त्या वसंताप्रमाणे तारीख बदलते म्हणून, पिढ्यांत रक्त बदललं म्हणून नाही. तेव्हा 'हवामान बदलामुळे ग्रेट टिटची वेळ चुकते' असं सरसकट वाक्य अहवालात लिहू नये. कुठल्या जंगलात, कुठल्या वर्षांत, हे सोबत हवंच.

पतंगाची गोष्ट याहून रंगतदार आहे. १९९०च्या दशकातल्या उबदार वसंतांत डच ओकांवर अंडी पालवीच्या बरीच आधी फुटू लागली. वसंत तापत होता, पण हिवाळ्यातले गोठवणारे दिवस तितके कमी झाले नव्हते. वसंताची ऊब आणि गोठवणारे दिवस यांचा हिशेब अंडं एका तऱ्हेने करतं आणि कळी दुसऱ्या, म्हणून दोघांत फट पडली. लवकर फुटणारी अंडी उपाशी मरत गेली, उशिरा फुटणाऱ्यांची पिल्लावळ टिकली, आणि साधारण दीड दशकात अंडं फुटण्याची वेळ ५ ते १० दिवस उशिरा सरकली. हा बदल आनुवंशिक होता. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. उघड्या रानात, डोळ्यांदेखत निवड झाल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं कमी आहेत. ज्या पतंगाची एक मादी दीडशे अंडी घालते आणि सरासरी दोन वाचतात, त्याच्याकडे दरवर्षी निवडीसाठी भरपूर माल असतो. पक्ष्याकडे तेवढा नसतो.

मोजणी: पतंग

ऑक्टोबरच्या मध्यापासून तयारी ठेवा. खोडावर जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर १५ ते २० सेंटिमीटर रुंदीचा कागदी पट्टा घट्ट बांधा आणि त्यावर झाडांसाठी मिळणारा न वाळणारा चिकट लेप लावा. ओकची साल खडबडीत असते. पट्ट्याखाली बोटभर फट राहिली तरी माद्या आरामात खालून निघून जातात, म्हणून भेगांत आधी ओली माती किंवा कापूस दाबून भरा. वाळलेली पानं पट्ट्यावर चिकटली की पूल तयार होतो. आठवड्यातून दोनदा पानं काढा. पट्ट्यावर बारीक जाळी थोडी अंतर ठेवून लावलीच पाहिजे, नाहीतर खोडावर फिरणारे छोटे पक्षी आणि वटवाघळं चिकटतात. ज्या पक्ष्याचा अभ्यास करायचा तोच पट्ट्यावर मेलेला सापडणं यासारखी दुसरी नामुष्की नाही.

खरं तर मला या कामासाठी चिकट पट्टा आवडत नाही. त्यावर माद्या मरतात आणि आपल्याला अंडी हवी आहेत. सहा-सात झाडांसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी, अंधार पडल्यावर दोन तासांच्या आत, टॉर्चने खोडं पाहणं पुरतं. मोकळ्या, पावसाविना, जरा ऊबदार रात्री निवडा. प्रत्येक खोडाची खालचे दोन मीटर सगळीकडून पाहणी करायची आणि नर-मादी वेगळे मोजायचे. दहा-बारा माद्या मऊ ब्रशने उचलून एकेका काचेच्या नळीत ठेवा. सोबत चुरगळलेल्या टिश्यूचा किंवा खरखरीत कागदाचा तुकडा, तोंडाला जाळीचं कापड. अंडी कागदाच्या सुरकुत्यांत मिळतात. नळीवर झाड क्रमांक आणि तारीख.

या नळ्या घरात आणू नका. सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच. घरातल्या उबेत अंडी भलत्याच वेळी फुटतात. घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, पाऊस आणि थेट ऊन न लागणाऱ्या डब्यात ठेवा आणि शेजारी तापमापक. मार्चपासून एक दिवसाआड पाहायचं आणि फुटलेली अंडी मोजायची. निम्मी अंडी फुटली ती तारीख लिहायची. पहिलं अंडं कधी फुटलं याला फारसा अर्थ नाही, कारण अंडी जास्त ठेवली की 'पहिलं' आपोआप लवकर येतं.

ओळखीत दोन घोटाळे होतात. मॉटल्ड अंबर नावाच्या पतंगाच्या मादीला पंखांचे खुंटही नसतात आणि अंगावर पिवळट-पांढऱ्यावर काळे ठिपके असतात, ती सहज वेगळी काढता येते. नॉर्दर्न विंटर मॉथ जास्त फसवतो. त्याच्या मादीचे खुंट लांब असतात आणि नर फिकट, रेशमी चकाकीचा असतो. शंका असेल तर फोटो काढा आणि नळीवर प्रश्नचिन्ह करा.

त्याच सहा-सात झाडांची पालवी वेगवेगळी टिपा. एकाच बागेतल्या दोन ओकांत पालवीचा फरक आठवड्याहून जास्त असू शकतो, आणि लवकर फुटणारं झाड दरवर्षी लवकरच फुटतं. मार्चअखेरपासून दर तीन दिवसांनी दुर्बिणीने शेंड्याकडच्या कळ्या पाहून चार पायऱ्यांत नोंद पुरेशी आहे: मिटलेली, फुगलेली, हिरवं टोक दिसतंय, पान उलगडलं. पक्ष्यांचंही घरट्याजवळच्या ओकांशी वेळापत्रक जुळतं असं वायदममध्ये दिसलं आहे, त्यामुळे सगळ्या झाडांची सरासरी काढून मोकळं होऊ नका.

मोजणी: अळ्या

अळ्या शेंड्यावर असतात, मोजणार कशा? त्यांची लेंडी मोजायची. भरात आलेल्या ओकखाली मे महिन्यात शांत उभं राहिलं तर कोरड्या पानांवर बारीक टपटप ऐकू येते, पाऊस नसताना. ती हीच.

५० बाय ५० सेंटिमीटरची लाकडी चौकट घ्या, तिच्यावर बारीक विणीचं पांढरं सुती कापड सैल बांधा, मधे एक गुळगुळीत गोटा ठेवा म्हणजे झोळी होईल आणि वाऱ्याने उलटणार नाही. जमिनीपासून अर्धा मीटर उंच, खोडापासून एक-दोन मीटरवर. प्रत्येक झाडाखाली दोन. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दर तीन दिवसांनी कापड बदला. जमा झालेलं वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण वाळवा, पानांचे तुकडे आणि फुलोरा चिमट्याने वेचा, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोला. प्रयोगशाळेत हे ६० अंशांच्या भट्टीत वाळवतात. घरी रेडिएटरजवळ ठेवून दोन दिवस लागोपाठ वजन सारखं आलं की वाळलं समजा.

हिशेब सोपा. चौकट पाव चौरस मीटरची. तीन दिवसांत ०.९ ग्रॅम मिळालं, तर ०.९ भागिले ०.२५ भागिले ३, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला १.२ ग्रॅम. हे आकडे आलेखावर मांडले की एक टेकडी दिसते. तिचं शिखर म्हणजे अळ्यांचा बहर.

यात तीन गोष्टी बिघडतात. जोराचा पाऊस लेंड्या विरघळवतो, आणि अशा तीन दिवसांचा आकडा खोटा कमी येतो. तो आलेखात पोकळ ठिपक्याने दाखवा, गाळू नका. दुसरं, उबदार दिवशी अळी जास्त खाते आणि जास्त टाकते, त्यामुळे उष्ण आठवड्यात शिखर फुगतं. म्हणून तापमानाचा रकाना शेजारी हवाच. तिसरं आणि महत्त्वाचं: लेंडीवर जातीचं नाव लिहिलेलं नसतं. ओकवर पानाची गुंडाळी करणाऱ्या हिरव्या टॉर्ट्रिक्स या दुसऱ्या पतंगाची अळीही तेव्हाच असते. लेंडीने सगळ्या अळ्यांचा मिळून बहर कळतो. पक्ष्याच्या दृष्टीने तो चालतो, पण 'विंटर मॉथचा बहर' म्हणून तो लिहिता येणार नाही. नुसत्या विंटर मॉथसाठी वायदममध्ये झाडाखाली पाण्याचे ट्रे ठेवून मातीत जायला उतरणाऱ्या अळ्या मोजत आणि निम्म्या उतरल्याची तारीख धरत. टॉर्ट्रिक्स पानातच कोष करते, त्यामुळे ट्रेमध्ये ती फारशी सापडत नाही. उथळ ट्रे, दोन बोटं पाणी, रोज सकाळी गाळायचं. विंटर मॉथची अळी हिरवी, अंगावर फिकट उभ्या रेषा, आणि मागच्या टोकाला पायांच्या दोनच जोड्या.

इथे एक सावधगिरी, आणि ती मुलीला आधी सांगा. नेदरलँड्समधल्या ओकांवर प्रोसेशनरी पतंगाच्या अळ्या असतात, एकामागे एक रांगेने चालणाऱ्या, लांब पांढऱ्या केसांच्या. त्यांचे सूक्ष्म केस कातडीला, डोळ्यांना, घशाला भयंकर खाज आणतात. खोडावर जाळीदार पुंजका दिसला तर त्या झाडाखालचं काम बंद करून नगरपालिकेला कळवायचं. बऱ्याच डच नगरपालिका याच अळ्यांवर उपाय म्हणून ग्रेट टिटसाठी पेट्या लावतात. शिवाय गवतात गोचीड असते, तेव्हा घरी आल्यावर पाय तपासा.

मोजणी: पक्षी

पेटी फेब्रुवारीच्या आधी लागलेली हवी. पंधरा मिलिमीटर किंवा जाड, रंधा न मारलेली फळी, तळ १२ ते १४ सेंटिमीटर चौरस, भोक ३२ मिलिमीटर, भोकाची खालची कड तळापासून निदान १३-१४ सेंटिमीटर वर. २८ मिलिमीटरच्या भोकातूनही ग्रेट टिट जाते. २५ ठेवलं तर ब्लू टिटसारखे तिच्याहून छोटे पक्षीच येतील. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, पिल्लांच्या शत्रूला ती पायरी होते. तळाला चार बारीक भोकं, झाकण बिजागरीचं. जमिनीपासून दोन-अडीच मीटर, तोंड उत्तर ते पूर्व-आग्नेय यांच्या दरम्यान, किंचित पुढे झुकलेलं. सुतारपक्षी भोक मोठं करतो, म्हणून भोकाभोवती पत्रा. लाकडी पेट्यांत वीझल हा मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी घुसून वायदममध्ये दर वर्षी पुष्कळ घरटी उद्ध्वस्त व्हायची. १९७०च्या दशकात तिथे लाकडाचा भुसा आणि सिमेंट यांच्या पेट्या टांगल्या, तेव्हा तो त्रास खूप उतरला.

एप्रिलपासून आठवड्यातून एकदा पाहणी पुरते. रोज एक अंडं हा नियम असल्याने मागे मोजत जाता येतं: २० एप्रिलला ५ अंडी दिसली, तर पहिलं १६ एप्रिलचं. पण अंडी घालण्याच्या दिवसांत मादी बाहेर जाताना त्यांवर केस आणि शेवाळ पांघरते. घरटं तयार, वाटी खोल आणि रिकामी दिसतेय, तर एका बोटाने अस्तर हलकेच बाजूला करून पाहा. किती जण इथेच 'अंडी नाहीत' लिहून परत जातात. अंडी थंड असतील तर उबवण सुरू नाही, कोमट असतील तर झाली आहे. मादी बसलेली असेल आणि फुत्कारली तर झाकण लावून निघा.

पिल्लं निघाल्याची तारीख हुकली तर वयावरून काढा. पहिल्या दिवशी गुलाबी, उघडं अंग आणि डोक्यावर थोडी लव, आठवड्याभरात डोळे किलकिले, आठव्या-नवव्या दिवशी पंखांवर काड्यांसारख्या पिसांच्या नळ्या, मग त्या टोकाला फुटू लागतात. चौदाव्या दिवसानंतर पेटी उघडायची नाही, म्हणजे नाही. पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या टाकतात आणि जमिनीवर मांजर असतं. पायात कडी घालणं, पिल्लांचं वजन घेणं ही परवानाधारकांची कामं आहेत. युरोपात वापरात असलेल्या घरट्याला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा मुलीने बघायचं आणि लिहायचं, पिल्लं हाताळायची नाहीत.

आकडे एकत्र आणताना

तारखांचे आकडे करा. यासाठी १ एप्रिल म्हणजे १ असं मोजायची पद्धत आहे. १ मे म्हणजे ३१, १५ मे म्हणजे ४५. मग प्रत्येक पेटीसाठी एकच वजाबाकी: पिल्लांच्या भुकेचं शिखर वजा अळ्यांच्या बहराचं शिखर. वरच्या उदाहरणातली पेटी ४५ आणि अळ्यांचा बहर १२ मेला, म्हणजे ४२. फरक ३ दिवस, पक्षी उशिरा. पतंगासाठीही तशीच वजाबाकी: निम्मी अंडी फुटली ती तारीख वजा त्या झाडाची पालवी. उणे आलं तर अळी उपाशी, मोठं अधिक आलं तर पान जून. आता दोन्ही प्राणी एकाच पट्टीवर आले.

फक्त पहिली वीण धरा. त्या बागेतल्या सर्वात लवकरच्या अंड्यापासून ३० दिवसांनंतर सुरू झालेली घरटी बाजूला ठेवा, कारण ती बहुधा मोडलेल्या घरट्याची पुन्हा मांडणी किंवा दुसरी वीण असते. ती मिसळली की सरासरी उगाच उशिरा सरकते. आणि तीन-चार पेट्यांच्या एका वर्षावरून हवामानाबद्दल बोलू नका. एका वर्षात दिसतो तो त्या वर्षाचा वसंत. मुलीच्या प्रकल्पात मोलाचं ठरेल ते झाडा-झाडांतलं आणि पेटी-पेटीतलं अंतर. लवकर पालवणाऱ्या ओकाशेजारची पेटी लवकर भरली का, हे एका वर्षातही विचारता येतं.

निष्कर्षात आणखी एक घाई टाळा. वेळ चुकली म्हणजे पक्षी संपत आले, असं नाही. होखं वेलुवंमध्ये वेळ चुकलेल्या वर्षांत पिल्लं कमी उडाली, पण जी उडाली त्यांना हिवाळ्यात स्पर्धा कमी मिळाली आणि त्यांतली जास्त वाचली. २०१३ सालच्या विश्लेषणात एकूण संख्येवर चुकामुकीचा फटका जवळजवळ दिसला नाही. हिवाळा तरून जायला बीच झाडाची बोंडं त्या वर्षी किती पडली, हे पुष्कळदा जास्त महत्त्वाचं ठरतं.

उलट दिशेचा प्रश्नही मुलगी विचारील: पक्षी पतंगाला आवरतो का? जंगलात पतंगाची लाट आली की मूठभर टिट तिला थोपवू शकत नाहीत. सफरचंदाच्या बागेत चित्र वेगळं. नेदरलँड्समध्ये पेट्या लावलेल्या बागांत अळ्यांचं नुकसान घटलं आणि झाडामागे उत्पन्न ४.७ किलोवरून ७.८ किलोवर गेलं, असा २००२ सालचा अभ्यास आहे. परक्या मुलखात पोचलेल्या विंटर मॉथला चाप लावायला कामी आलेली एक छोटी माशी आहे, सायझेनिस अल्बिकान्स. ती कुरतडलेल्या पानांवर बारीक अंडी घालते, अळी पानाबरोबर ती गिळते आणि माशीची अळी तिला आतून खाते. विंटर मॉथ चुकून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात पोचला आणि ओक ओरबाडू लागला, तेव्हा १९५०च्या दशकात ही माशी युरोपातून नेऊन सोडली. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्येही तेच केलं. मातीतून काढलेले काही कोष जाळीच्या बरणीत ओलसर मातीवर, बाहेर सावलीत ठेवलेत तर हिवाळ्यात पतंग निघेल, आणि न निघालेल्यांतल्या एखाद्या कोषातून वसंतात माशी.

कामाचा क्रम सप्टेंबरपासून धरा. जुनं घरटं काढून पेटीवर उकळतं पाणी ओता, पिसवा त्यानेच मरतात, कीटकनाशक फवारू नका. ऑक्टोबरात झाडांना क्रमांक द्या, पत्र्याच्या तुकड्यावर, सुतळीने बांधून, खिळा न मारता. नोव्हेंबरच्या पहिल्या उबदार संध्याकाळी टॉर्च घेऊन बाहेर पडा.